शाळेच्या वेळेतलं काम द्यायचंय? तासांच्या आधी सुट्ट्यांचा हिशोब मांडा

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. परभणीत शाळेचे गणवेश शिवायचं तुमचं वर्कशॉप आहे. सात मशिनी, सात बाया, वेळ दहा ते सहा. त्यातल्या दोघी, नेमक्या चांगला हात बसलेल्या, लेकरांच्या शाळेपायी काम सोडायचं म्हणताहेत. अकरा ते चार ठेवलं तर थांबतील. पगार कसा लावायचा, बाकीच्या पाच जणी कुरकुर करतील त्याचं काय, आणि दोघींपैकी एक म्हणते की कागदावर नाव नको, लाडकी बहीण बंद होईल, तिला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

ठेवून घ्या. कॉलर नीट लावणारी बाई पाच तास मिळणं हे नवखी आठ तास मिळण्यापेक्षा परवडतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. माझं लातूरला मसाला, येसर आणि चटण्यांच्या पॅकिंगचं काम आहे. बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त बाया शाळेच्या वेळेतच येतात. पण ह्या विषयावर बोलताना सगळे जण तासांवरच अडकतात. अकरा ते चार हा भाग सोपा आहे. खरा घोळ वर्षाचा आहे.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा धरलेली आहे. तुमचं वर्कशॉप रविवार आणि मोठे सण सोडले तरी ३०० च्या आसपास दिवस चालत असणार. मधले जे ऐंशी-शंभर दिवस उरतात, त्या दिवशी मशीन तुमच्याकडं आणि लेकरू तिच्या घरी. त्यात तुमचा धंदा गणवेशाचा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे तुमची खरी घाई एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. वर्षाची कमाई ज्या महिन्यांत, त्यातल्याच मे-जूनमध्ये शाळेला कुलूप. माझंही काही वेगळं नाही. मिरची, हळद, धने सगळं उन्हाळ्यातच येतं आणि लोक वर्षाचा मसाला तेव्हाच भरतात. म्हणून त्या दोघींना आजच समोर बसवा आणि मे महिन्याचं बोला. जुलैचं नंतर बघता येईल.

मे महिन्यात माझ्याकडं जे चालतं ते सांगते. वेळ सकाळी सात ते अकरा करते. आपल्याकडच्या उन्हात दुपारी पत्र्याखाली तसंही काम होत नाही, आणि त्या वेळात घरी कुणीतरी असतं, नवरा कामावर जायचा असतो, सासू उठलेली असते, लेकरं तर नऊपर्यंत लोळतच असतात. ज्यांची लेकरं महिनाभर मामाकडं जातात त्या उलट जास्त तास मागतात. त्यांची नावं मार्चमध्येच लिहून घ्यायची. तुमच्याकडं तिसरीही वाट आहे, जी मला नाही. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांना कापलेला माल घरी देता येतो. फक्त नगावर पैसे देताना तासाचा हिशोब करून बघा. नगाचा दर असा नको की दिवसभर शिवूनही किमान वेतनाच्या खाली जाईल. एक गोष्ट मात्र करू देऊ नका, लेकरांना घेऊन वर्कशॉपमध्ये यायची. इस्त्री, कात्र्या, चालू मशिनी. आणि दहा-बारा वर्षांची पोरगी आईशेजारी बसली की ती आपोआप धागे कापायला लागते, बटणं मोजायला लागते. चौदाच्या आतलं लेकरू कामाला लागलेलं दिसलं तर गुन्हा मालकावर दाखल होतो, आईनं बसवलं होतं हे कुणी ऐकत नाही.

आता रोजच्या वेळेकडं येते. शाळेची वेळ म्हणजे एकच वेळ असं धरू नका. जिल्हा परिषदेची शाळा साधारण दहा ते पाचच्या आत-बाहेर; इंग्रजी शाळा सकाळी भरून दुपारी दीड-दोनला सुटते. २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला, तेव्हापासून एकाच घरातल्या दुसरीच्या आणि सातवीच्या लेकराची वेळ जुळत नाही असंही होतं. शनिवारी बहुतेक ठिकाणी सकाळची शाळा. मार्चमध्ये ऊन तापलं की रोजच सकाळची. म्हणजे तुमची अकरा ते चारची बाई मार्चमध्ये आठ ते बाराची होते. प्रत्येकीला विचारा, लेकरं किती, कुठल्या शाळेत, आणायला कोण जातं, रिक्षा लावलीय का. शाळेकडून वर्षाच्या सुट्ट्यांचा तक्ता मिळतो, त्याची झेरॉक्स भिंतीवर लावा. त्यात आपल्याकडच्या गोष्टी पेननं भरा: पोळा, महालक्ष्म्यांचे तीन दिवस, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आमच्या लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळे शेतात पूजेला जातात, गाव रिकामं होतं, त्या दिवशी युनिट चालू ठेवायचा विचारही मी करत नाही. आणि नळाला पाणी यायचा दिवस. हे बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात त्या दिवशी बाई अर्धा-पाऊण तास उशिरा येणारच. त्यावर चिडण्यापेक्षा त्या दिवशीची वेळ अर्धा तास पुढं सरकवलेली बरी.

खेड्यातून येणाऱ्या असतील तर एसटीचं वेळापत्रक हेच तुमचं वेळापत्रक. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्यामुळं पंधरा-वीस किलोमीटरवरून येणं परवडायला लागलंय. पण चारची गाडी चुकली आणि पुढची सहाला असेल तर तिचा शाळेच्या वेळेचा सगळा बेत कोसळतो. पावणेचारला सोडा.

कामाची वाटणी ही तुमच्या हातातली गोष्ट आहे आणि तिथंच बहुतेक जण आळस करतात. आठ तासांच्या बाईचं काम तसंच ठेवून तिला पाच तास बसवलं, तर रोज चार वाजता अर्धवट बंडल टेबलावर राहणार आणि ते दुसरीनं उचललं की शिलाई बदलणार. बंडल लहान बांधा. पाच तासांत पुरं होईल एवढेच नग एका बंडलात, आणि चिठ्ठीवर शाळेचं नाव, माप, नग. पावणेचारनंतर नवीन बंडल उघडायचं नाही. धागे कापणं, काज-बटण, इस्त्री, पॅकिंग ही कामं तुकड्यांत करता येतात, ती शाळेच्या वेळेतल्या बायांकडं चांगली जातात. पण ह्या दोघी तुमच्या चांगल्या कारागीर आहेत, त्यांना वेळ कमी म्हणून बटणं लावायला बसवू नका. कॉलर आणि खिसेच द्या. हुशार बाईचं काम हलकं केलं की ती महिनाभरात जाते, तास कितीही सोयीचे असले तरी.

पगाराचं. आठ तासांचा पगार भागिले आठ, गुणिले पाच, असा हिशोब सगळे करतात. तो कमी पडतो. आपल्या राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत अर्धवेळ कामगारासाठी तासाचा दर काढताना १५ टक्के वाढवून द्यायचं असतं. समजा तुमच्या उद्योगाचा आणि तुमच्या भागाचा दर, मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून, महिन्याला १३,००० निघाला (आकडा समजायला सोपा म्हणून घेतलाय). भागिले महिन्याचे कामाचे २६ दिवस, दिवसाला ५००. भागिले ८, तासाला ६२.५०. त्यावर १५ टक्के, म्हणजे ७१.८८. पाच तासांचे ३५९.४०. सरळ भागाकारानं ३१२.५० आले असते. फरक रोजचा ४७ रुपयांचा आहे आणि माझ्या मते तो रास्त आहे, कारण पाच तासांसाठीही तिला यायचं-जायचं तेवढंच पडतं. विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, तेव्हा ताजा दर कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयातून घ्या, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा जुना तक्ता घेऊ नका. पगार खात्यावर द्या. व्यवसाय कराची काळजी नको, बाईचा पगार महिन्याला २५,००० पर्यंत असेल तर तो लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. अर्धवेळ माणूस मोजणीत अर्धा धरत नाहीत. आज तुमच्याकडं सात नावं आहेत. हे जमलं म्हणून उद्या तुम्ही सकाळच्या आणि दुपारच्या अशा दोन पाळ्या केल्या, तर मशिनी सातच राहतील पण नावं चौदा होतील. दहाचा आकडा गाठला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, ग्रॅच्युइटी आणि बाळंतपणाच्या रजेचे नियम येतात. विसावर पीएफ. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. ईएसआयमुळं माझ्याकडच्या बायांचा दवाखान्याचा खर्च बराच आटोक्यात आला. पण भाव ठरवताना ते धरलेलं असावं, नाहीतर शाळांना दिलेल्या दरात तुम्हीच अडकाल. दहाच्या आत असलात तरी सुई बोटात गेली, हात भाजला, तर भरपाईची जबाबदारी तुमचीच आहे, पाच तासांची बाई असो की आठ तासांची. विम्याची छोटी पॉलिसी मिळते, ती काढून ठेवा.

बाकीच्या पाच जणींची कुरकुर होणार. तिला उपाय एकच, ही सोय त्या दोघींची लाडीगोडी म्हणून देऊ नका, वर्कशॉपचा नियम म्हणून जाहीर करा: ज्याला कमी तास पाहिजेत त्यानं महिनाभर आधी सांगायचं, पगार तासावर, मे-जूनच्या घाईत ठरलेली वेळ पाळायची. कारण लेकरांचंच असलं पाहिजे असंही नको. सासू अंथरुणाला खिळलेली असेल, कुणाचा नवरा डायलिसिसवर असेल. पगाराचा आकडा समोर आला की आठ तासांच्या बहुतेक जणी आठच तास मागतात, हे माझ्याकडं तरी नेहमी दिसलंय. घाईच्या महिन्यांत उशिरापर्यंत थांबणाऱ्यांना जादा तासाचे पैसे दुप्पट दरानं आणि वेळेवर मिळाले की निम्मी कुरकुर तिथंच संपते.

जाता जाता, नवीन बाया शोधायच्या झाल्या तर. आमच्या लातुरात ट्यूशनसाठी लेकरांना घेऊन खोली करून राहणाऱ्या आया खूप आहेत. शिकलेल्या, हिशोबाला पक्क्या, दिवसभर मोकळ्या. त्यांना मी आनंदानं घेते, पण बारावी आणि मे महिन्यातली ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा झाली की त्या गावी जातात, म्हणून शिकायला वर्ष लागेल असं काम त्यांना देत नाही. परभणीत असं प्रमाण किती आहे ते तुम्हीच बघा.

राहिली लाडकी बहीण. त्या बाईला बाजूला घेऊन नीट समजावून सांगा, ओरडू नका. १५०० रुपये तिच्या हक्काचे आहेत आणि ते जायची भीती खरी आहे. योजनेची अट कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची आहे, अडीच लाखांची, आणि घरात कुणी आयकर भरणारं नसावं. खाजगी ठिकाणी काम करते, पगार खात्यावर येतो, एवढ्यानं ती बाद होत नाही. वरच्या उदाहरणातला पगार धरला तर महिन्याला साधारण ९,३४४, वर्षाला एक लाख बारा हजारांच्या आसपास. त्यात नवऱ्याचं आणि शेतीचं उत्पन्न मिळवून बेरीज तिच्यासमोर कागदावर करा. अडीच लाखांच्या आत असेल तर प्रश्न मिटला. बाहेर जात असेल तर १५०० सोडायचे की तास आणखी कमी करायचे हे तिनं ठरवावं, दोन्ही तिच्या मर्जीवर. पण नाव न लावता रोख पैसे द्यायला तुम्ही तयार होऊ नका. हजेरीत नाव नसलेल्या बाईचा हात मशीनखाली सापडला, तर ती त्या दिवशी तुमच्याकडं कामाला होती हे दाखवायला तिच्याजवळ काहीच उरत नाही.