ज्येष्ठांची हृदयशस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहेत आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे. नातेवाईक म्हणतात, या वयात छाती उघडून काय मिळणार? ऑपरेशननंतर माणूस किती वर्षं काढतो? (एक वाचक, कराड)

उत्तर : ऐंशीच्या घरात बायपास झालेल्यांपैकी साधारण ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांत असतो. ते सुखरूप पार पडले की पुढचं आयुर्मान त्याच वयाच्या इतर माणसांच्या जवळपास येतं. म्हणून ‘या वयात नकोच’ असं नुसत्या जन्मतारखेवरून ठरवणं आम्हाला चुकीचं वाटतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज बाजारात पायी जाणारा माणूस आणि अडुसष्टाव्या वर्षी खाटेला खिळलेला माणूस यांत पहिल्याचं पारडं बहुतेक वेळा जड असतं.

सर्जनना चार गोष्टी थेट विचारा. हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे? क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी रक्ततपासणी) किती आहे? फुप्फुसं कशी आहेत? आणि ऑपरेशन ठरवून करायचं आहे की तातडीनं? तातडीच्या ऑपरेशनात धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे निर्णय लांबवत अटॅकची वाट पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान आहे.

पाचवी गोष्ट अंगातली ताकद. ती डॉक्टरांना विचारून घरीच पाहता येते. जमिनीवर पाच मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारा, अलीकडे-पलीकडे दोन-तीन पावलांची मोकळी जागा सोडा. वडिलांना नेहमीच्या चालीनं चालू द्या, काठी वापरत असतील तर काठीसकट. पहिली रेघ ओलांडल्यापासून दुसरी ओलांडेपर्यंतचे सेकंद मोजा. मध्ये विश्रांती देऊन असं तीनदा करा आणि सरासरी काढा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच थांबवा. सहा सेकंद किंवा जास्त लागत असतील तर सर्जनना सांगा; अशा ज्येष्ठांना ऑपरेशननंतर गुंतागुंत होण्याचं प्रमाण दोन-तीन पटींनी जास्त आढळलं आहे. याचा अर्थ ऑपरेशन रद्द असा नाही. तयारीला दोन-तीन आठवडे मिळत असतील तर ते वापरायचे.

तयारी म्हणजे काय? तंबाखू, मिसरी, विडी आजपासून बंद. फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे व्यायाम शिकून घ्यायचे, कारण म्हातारपणी ऑपरेशननंतर कफ साचून न्यूमोनिया होणं हे मोठं संकट असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधून उपचार करायचे. मूत्रपिंडं ठीक असतील तर ६० किलो वजनाच्या माणसानं दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घ्यावीत. नुसत्या वरण-भातानं हे भागत नाही. अंडी, दूध, पनीर, मासे यांतलं जे चालत असेल ते वाढवा.

आणखी एक. आयसीयूत बऱ्याच वृद्धांना भ्रम होतो, ते नळ्या उपटू लागतात. घरचे घाबरून जातात. बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ओसरतो. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी लवकरात लवकर परत द्यायला सांगा, भेटीच्या वेळी वार-तारीख बोलत राहा. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाचा गोंधळ लवकर निवळत नाही.

प्रश्न : आईची बायपास होऊन चार वर्षं झाली, काही त्रास नाही. पाय दुखतात म्हणून तिनं कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली आहे. चालेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. बायपासमध्ये छातीच्या आतली धमनी आणि पायातली शीर, असे दोन प्रकारचे ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालणाऱ्या जोडवाहिन्या, वापरतात. डाव्या बाजूची छातीतली धमनी दहा वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के रुग्णांत उघडी असते. पायाच्या शिरांपैकी तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडलेल्या असतात. शीर ही कमी दाबाच्या रक्तासाठी घडलेली. तिच्यावर धमनीचा दाब पडला की पहिल्या महिन्यात गुठळीची भीती, वर्षभरात आतला थर जाड होणं आणि त्यानंतर कोलेस्टेरॉलचे थर, अशा क्रमानं ती खराब होते. आई आता या तिसऱ्या टप्प्यात आहे. इथे अॅस्पिरिन आणि स्टॅटिन, म्हणजे तीच कोलेस्टेरॉलची गोळी, हाच आधार. पायदुखीसाठी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या, डोस किंवा औषध बदलून मागा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली हवं. कित्येक डॉक्टर ५५ च्या खाली ठेवतात. दुखण्यावर दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका. त्यानं मूत्रपिंडावर ताण येतो आणि अॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्रावही होऊ शकतो.

प्रश्न : वय ७१, महाधमनीची झडप बदलायची आहे. धातूची घ्यावी की प्राण्याच्या ऊतींची? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पासष्टीनंतर साधारणपणे ऊतींची. ती सहसा १० ते १५ वर्षं टिकते आणि म्हातारपणी सावकाश झिजते. धातूची झडप जास्त टिकते, पण रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर, रक्त किती पातळ आहे ते पाहणारी आयएनआर तपासणी जन्मभर, आणि या वयात पडून डोक्याला मार लागला तर रक्तस्रावाची भीती. मांडीतल्या धमनीतून झडप बसवण्याचा, म्हणजे टावीचा पर्यायही ६५ ते ८० या वयात विचारात घेतात. सीटी स्कॅनवर धमन्यांची रुंदी पाहून ते ठरतं. कुठलीही झडप बसवली तरी दात काढण्याआधी दंतवैद्याला सांगा. जंतुसंसर्ग झडपेवर बसू नये म्हणून आधी प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा लागतो.

प्रश्न : ऑपरेशननंतर जमिनीवर कधी बसता येईल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तीन महिने थांबा. उठताना हातांवर भार येतो आणि छातीचं हाड सांधण्याआधी ओढलं जातं. तोवर कमोड, उंच खुर्ची. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. हाडात कटकट जाणवली, जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.