माशाच्या आतड्याची रोगप्रतिकारशक्ती

प्रश्न : मासा सतत जंतूंनी भरलेल्या पाण्यात राहतो आणि खाताना ते पाणी गिळतोही. हे जंतू रोखण्याची काही व्यवस्था त्याच्या आतड्यात असते का? असल्यास माशांना इंजेक्शनऐवजी खाद्यातून लस का देत नाहीत?

उत्तर : अशी व्यवस्था असते आणि ती मुळीच कमी प्रतीची नाही, मात्र तिची मांडणी वेगळी आहे. सस्तन प्राण्यांच्या लहान आतड्यात लसिकापेशींचे, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींचे, ठळक पुंजके असतात, शिवाय शरीरभर लसिका ग्रंथी असतात. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत यांपैकी काहीही नसते. त्यांच्या संरक्षक पेशी आतड्याच्या अस्तरात आणि त्याखालच्या थरात विखुरलेल्या असतात. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो व त्यात जिवाणूंची भित्तिका फोडणारे लायसोझाइम असते.

या श्लेष्म्यातील प्रतिपिंडांची (रोगजंतूंना चिकटणाऱ्या संरक्षक प्रथिनांची) हकिगत मला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्या आतड्यात पहारा देणारे आयजीए हे प्रतिपिंड माशांत नसते. रेनबो ट्राउट या माशात 2005 साली आयजीटी नावाचे प्रतिपिंड सापडले आणि ते मुख्यत्वे आतड्यासाठी काम करते, हे 2010 साली दाखवले गेले. आतड्यात परजीवी शिरला की तेथे आयजीटी वाढते, तर रक्तात आयजीएम हे दुसरे प्रतिपिंड वाढते. एरवीही आतड्यातल्या अनेक जिवाणूंवर आयजीटीचा लेप चढलेला दिसतो. आयजीए आणि आयजीटी यांची उत्क्रांती स्वतंत्रपणे झाली, तरीही दोन्ही एकाच कामावर येऊन पोहोचली.

आता लसीविषयी. खाद्यातून लस दिली जाते, पण बहुधा आधीच्या लसीचा परिणाम बळकट करण्यापुरतीच. आतड्याच्या मागच्या भागातील पेशी प्रथिनांचे कण न तोडता जसेच्या तसे गिळतात. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींच्या केंद्रकाच्या वर मोठ्या पोकळ्या स्पष्ट दिसतात. रोगजंतूची ओळख पटवून देणारे घटक येथूनच संरक्षक पेशींच्या हाती पडतात. लस तेथवर शाबूत पोहोचायला हवी, आणि वाटेतली आम्ल व पाचकरसे ती पचवून टाकतात, म्हणून तिला अल्जिनेट या समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या कणांत बंद करून पाहतात. त्यातही प्रत्येक मासा सारखे खात नाही, आणि रोज पोटात येणारी वस्तू शत्रू न मानण्याची सवय आतड्याला असावीच लागते. त्यामुळे मिळणारे संरक्षण अनेकदा तोकडे पडते.

खाद्याचा विचार मात्र लसीइतकाच गंभीरपणे व्हायला हवा. अटलांटिक सॅमनला सोयाबीनची पेंड मोठ्या प्रमाणात दिली, तर आतड्याच्या नेमक्या याच मागच्या भागाला सूज येते, त्याच्या घड्या आखूड होतात आणि वर सांगितलेल्या पोकळ्या नाहीशा होतात. यामागे सोयाबीनमधील सॅपोनिन हे द्रव्य प्रामुख्याने असते. पेंड बंद केल्यावर काही आठवड्यांत अस्तर पूर्ववत होते.