एम्बलमध्ये पोस्टडॉक करायचंय? आधी ग्रुप लीडरचं कितवं वर्ष चालू आहे ते विचार

तुझे प्रश्न तीन: पीएचडी संपल्यावर जर्मनीत हायडेलबर्गला असलेल्या एम्बल या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, करावं का, भारतीयांना एम्बो फेलोशिप मिळते का, आणि पुढे जर्मनीत कायमचं राहता येईल का. मी तिथेच पोस्टडॉक केलं आणि आता याच गावात दुसऱ्या संस्थेत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिल्या दोन्हींचं उत्तर हो. गोम तिसऱ्यात आहे.

आधी एम्बो आणि एम्बल यांची गल्लत करू नकोस. दोघींचा पत्ता हायडेलबर्गच्या एकाच टेकडीवरचा, त्यामुळे ही गल्लत सगळ्यांचीच होते. एम्बो ही युरोपातल्या जीवशास्त्रज्ञांची संघटना, १९६४ सालची. फेलोशिप, कोर्सेस, परिषदा हे तिचं काम आणि त्याला पैसा पुरवतात ईएमबीसी या आंतरसरकारी मंडळाचे सदस्य देश. एम्बल ही प्रत्यक्ष प्रयोगशाळा, १९७४ मध्ये वेगळ्या करारानं उभी राहिलेली. भारत २०१६ पासून ईएमबीसीचा सहयोगी सदस्य आहे, एम्बलचा मात्र सदस्य नाही. त्यानं तुझं काही अडत नाही. पीएचडी आणि पोस्टडॉकसाठी एम्बल कुठल्याही देशाचे लोक घेते.

एम्बो फेलोशिप दोन वर्षांपर्यंतची असते. देश बदलणं ही तिची मुख्य अट. अर्ज करताना पीएचडीला दोन वर्षांहून जास्त झालेली नसावीत आणि पहिली लेखक म्हणून निदान एक शोधनिबंध हवा. तुझा निबंध अजून परीक्षकांकडे अडकलाय म्हणतेस, तर वेळापत्रक तिथून मागे मोज. ही फेलोशिप एम्बलपुरती नाही, हेही बघ. व्हिएन्ना, लिस्बन, कोपनहेगन, कुठल्याही सदस्य देशातल्या लॅबसाठी अर्ज करता येतो. आणि एकदम दोन वर्षांची उडी नको वाटत असेल, तर एम्बोचं तीन महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठीचं अनुदान आहे. एखादं तंत्र शिकायला ये, लॅबमध्ये लोक एकमेकांशी कसे बोलतात ते बघ, मग ठरव. मला विचारशील तर हाच मार्ग शहाणपणाचा.

आता ज्याबद्दल माहितीपत्रकं फार बोलत नाहीत ते. एम्बलमध्ये जवळपास कुणीच कायमचं नसतं. ग्रुप लीडरला, म्हणजे स्वतःचा संशोधन गट चालवणाऱ्या शास्त्रज्ञाला, पाच वर्षं मिळतात, परीक्षण नीट पार पडलं तर आणखी चार, आणि नऊ वर्षांनी गाशा गुंडाळायचा. यात क्रूरपणा नाही, संस्थेची रचनाच तशी आहे. सदस्य देश आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरतात. त्यांची हुशार माणसं हायडेलबर्गलाच मुक्काम ठोकून बसली, तर कुठलं सरकार वर्गणी देत राहील? म्हणून माणसं यावीत, शिकावीत आणि परत पांगावीत, असं सुरुवातीपासून ठरलेलं. एकट्यादुकट्या देशाला न परवडणारी यंत्रंही याच हिशेबानं वाटून घेतली आहेत. हॅम्बुर्ग आणि ग्रनोबलच्या शाखा सिंक्रोट्रॉन या अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राच्या शेजारी आहेत, डेटाबेसचं काम इंग्लंडमध्ये हिंक्स्टनला.

या रचनेचा फायदा खरा आहे. तरुण माणसांना लवकर स्वतःचा गट मिळतो. क्रिस्टिआने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस १९७८ मध्ये इथे नवखे ग्रुप लीडर म्हणून आले, दोघांत मिळून एक छोटी लॅब. फळमाशीच्या भ्रूणावरचं त्यांचं १९८० मध्ये छापलेलं काम त्यांना १९९५ चं नोबेल देऊन गेलं. तोवर दोघंही कधीचेच दुसरीकडे गेले होते. झाक द्युबोशे यांनी पाण्याचे स्फटिक न होऊ देता ते गोठवण्याचं तंत्र इथेच बसवलं. १९८७ मध्ये ते लोझानला गेले आणि २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

पण ही मुदत ग्रुप लीडरला असते तशी तुलाही असते, आणि दोघांचं वेळापत्रक जुळेलच असं नाही. सातव्या वर्षातल्या ग्रुप लीडरकडे तीन वर्षांच्या बेतानं गेलीस, तर मध्येच लॅब दुसऱ्या देशात हलते. मग तूही सामान उचल, नाहीतर अर्धा प्रकल्प कुणाच्या तरी गळ्यात घाल. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये नसलं तरी मुलाखतीत विचारच: तुमचं कितवं वर्ष, आणि आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत? अशा प्रश्नाला कुणी इथे वाईट वाटून घेत नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र सावध हो.

तिसरा प्रश्न. एम्बल आंतरसरकारी संस्था असल्यानं तिच्या पगारावर जर्मन आयकर लागत नाही. हातात येणारा आकडा बघून सगळे खूश होतात. पण पेन्शन आणि आरोग्यविमा यांची व्यवस्था संस्थेची स्वतःची, म्हणजे तुझे हप्ते जर्मन सरकारी पेन्शन खात्यात जात नाहीत. कायम वास्तव्याचा परवाना मागताना साधारण मार्गानं साठ महिन्यांचे हप्ते दाखवावे लागतात. तेव्हा टेकडीवरची वर्षं राहण्याच्या परवान्यासाठी कशी धरली जातील, हे ऑफर स्वीकारण्याआधी एचआरकडून लेखी घे, तोंडी नको.

कायम राहणं हाच मुख्य हेतू असेल, तर याच गावात जर्मन कर्करोग संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, माक्स प्लांकची संस्था आहे. तिथला करार जर्मन कायद्याखालचा. कर भरशील, हातात कमी येईल, पण हप्ते मोजले जातील. मुदतीचा जाच तिथेही आहेच: पीएचडीनंतर विज्ञान क्षेत्रातल्या तात्पुरत्या करारांना सहसा सहा वर्षांची कमाल मर्यादा. भारतात परत जायचा विचार असेल तर मी डोळे झाकून एम्बल म्हणेन. तिथून पांगलेली माणसं युरोपभर लॅब चालवतात आणि पुढची कितीतरी वर्षं तुझ्या ईमेलला उत्तर देतात.

जर्मन भाषा: लॅबमध्ये शून्य लागते, घरमालक आणि डॉक्टरपुढे भरपूर. पुण्यामुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, येण्याआधी ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या उरकून टाक. घर मिळणं कठीण आणि महाग. अनामत म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर ते कायद्यात बसत नाही, तिथून सरळ निघ.

ईमेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ छापाचं एकच पत्र चाळीस जणांना पाठवू नकोस. त्यांचा एक निबंध नीट वाच, त्यातला कुठला प्रयोग पुढे न्यावासा वाटतो ते चार ओळींत लिही, सोबत सीव्ही आणि शिफारस देणाऱ्या दोघातिघांची नावं. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर.