पोलीस दलात हजारो माणसं असतात, मग रस्त्यावर इतकी कमी का दिसतात?
कारण पटावरची माणसं आणि आत्ता ड्युटीवर असलेली माणसं, हे दोन वेगळेच आकडे. गस्तीचा एक पॉइंट चोवीस तास चालवायचा तर आठवड्याला आठ तासांच्या २१ पाळ्या भराव्या लागतात. माणशी पाच पाळ्या धरल्या तरी चार जण पुरत नाहीत. त्यात रजा, ट्रेनिंग, कोर्टाच्या तारखा धरा, झाले पाच. गाडीत दोघं बसवायची असतील तर दहा!

शिवाय सगळे ठाण्यात नसतातच. आयुक्तांच्या हाताखाली विभाग, परिमंडळं, ठाणी अशी उतरंड असते, आणि गुन्हे शाखा, वाहतूक, नियंत्रण कक्ष, बंदोबस्ताची राखीव तुकडी यांचा कारभार वेगळा. नावं शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये तर आयुक्त गणवेशातला नसतोच, त्याला महापौर नेमतात. गणवेशातला सर्वांत वरचा अधिकारी म्हणजे चीफ ऑफ डिपार्टमेंट.

मुद्देमालाच्या नोंदी, पगारबिलं, आवक-जावक यासाठी प्रशिक्षित पोलीस अडकवणं मला तरी उधळपट्टी वाटते. तिथे नागरी कर्मचारी नेमले की तेवढे पोलीस गस्तीला मोकळे होतात. पण खर्चाला कात्री लागली की बऱ्याचदा हीच पदं आधी जातात आणि पोलीस पुन्हा टेबलावर.