पेशी जास्त, तरी ॲनिमिया कसा?

प्रश्न : माझं वय ३१. सीबीसी (रक्तातल्या पेशींची नेहमीची तपासणी) केली त्यात हिमोग्लोबिन ११.४, हेमॅटोक्रिट ३६, एमसीव्ही (पेशीची सरासरी साइझ) ६२ आणि आरबीसी म्हणजे तांबड्या पेशींचा काउंट ५.८ आलाय, काउंटपुढे चक्क 'हाय' छापलंय. डॉक्टर म्हणाले ॲनिमिया आहे. याआधी दोनदा तीन-तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन झाल्या, ढिम्म फरक नाही. ॲनिमिया म्हणजे रक्त कमी ना? मग पेशी जास्त कशा? रिपोर्ट चुकला असेल का?

उत्तर : नाही हो ताई, रिपोर्ट चुकलेला दिसत नाही. ३६ ला ५.८ ने भागा आणि १० ने गुणा, ६२ येतात की नाही बघा. म्हणजे तुमचे आकडे एकमेकांना धरून आहेत. गोंधळ आहे तो 'रक्त कमी' या शब्दात, आणि तो तुमचाच नाही, डॉक्टर लोकांचाही जवळजवळ ऐंशी वर्षं चालला होता.

झालं असं की तांबड्या पेशी दिसल्या फार आधी, लेव्हेनहूकने १६७४ मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण मोजायच्या कशा हे कोणाला सुचेना. जर्मनीत कार्ल फियरॉर्टने १८५२ मध्ये पहिल्यांदा मोजल्या, बारीक नळीत रक्त घेऊन, पातळ करून, काचेवर पसरून एकेक पेशी. एका मोजणीला तीन-तीन तास जायचे. उत्तर आलं एका घनमिलिमीटरला साधारण ५० लाख, आणि हाच आकडा पुढे पुस्तकांतून 'नॉर्मल' म्हणून फिरत राहिला, मोजला होता मोजक्याच माणसांवर! मग मालासे, आयेम, गॉवर्स अशी मंडळी आली, १८७० च्या दशकात पिपेट आणि चौकटी आखलेल्या काचा निघाल्या आणि मोजणी काही मिनिटांवर आली. ती आली तशी सगळे मोजतच सुटले, म्हणजे पेशी कमी भरल्या की ॲनिमिया, पुरेशा भरल्या की जा घरी. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं वाटायला लागतं, तसलंच काहीतरी.

मी स्वतः शिकताना ही मोजणी केलीये म्हणून सांगते. आरबीसीच्या पिपेटमध्ये एक लाल मणी असतो (पांढऱ्या पेशींच्या पिपेटमध्ये पांढरा), रक्त ०.५ च्या खुणेपर्यंत ओढायचं, मग आयेमचं द्रावण १०१ पर्यंत, झालं दोनशे पट पातळ. आणि ओढायचं कशाने, तर तोंडाने! त्या द्रावणात मर्क्युरिक क्लोराइड असतं, म्हणजे पाऱ्याचं विष, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. हलवायचं, पहिले काही थेंब टाकून द्यायचे आणि न्यूबाउरच्या चौकटी आखलेल्या काचेवर थेंब सोडायचा, मधल्या २५ चौकटींतल्या पाच मोजायच्या, रेषेवर बसलेल्या पेशी फक्त वरच्या आणि डाव्या बाजूच्या धरायच्या नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. ४८० भरल्या की चार शून्यं लावा, ४८ लाख. म्हणजे चारशेऐंशी बघून अठ्ठेचाळीस लाखांची गोष्ट करायची, मोजताना दहा-वीस इकडे तिकडे झाल्या की उत्तरात एक-दोन लाखांचा फरक. चांगल्या हातानेही दहा टक्के चूक सहज व्हायची.

तर या पद्धतीने तुम्हाला मोजलं असतं तर ५८ लाख (रिपोर्टवरचे ५.८ म्हणजे ५.८ दशलक्ष) आले असते आणि कोणीतरी म्हणालं असतं, बाई, तुमचं रक्त तर भरपूर आहे. मग लक्षात यायला लागलं की काही पेशंट पांढरेफटक असूनही मोजणी बरी येते, म्हणून रक्ताचा रंगही, म्हणजे त्यातलं हिमोग्लोबिन, बघायला लागले. गॉवर्सचंच १८७८ चं हिमोग्लोबिनोमीटर आलं, पुढे रंग ताडून बघायची साहलीची नळी आली, आणि रंग भागिले संख्या असा 'कलर इंडेक्स' निघाला. तो एकच्या खाली आला म्हणजे पेशीत रंग कमी. चांगली कल्पना, पण दोन ढोबळ आकड्यांवर उभी.

खरी गाठ सोडवली मॅक्सवेल विंट्रोब नावाच्या तरुण डॉक्टरने, अमेरिकेत, १९२९ च्या सुमारास. त्याने खुणा केलेली एक सरळ नळी बनवली, त्यात रक्त घालून जोरात गरगर फिरवलं की गढूळ पाण्यातला गाळ बसावा तशा पेशी खाली बसतात, वर पिवळट पाणी, मध्ये पांढऱ्या पेशींची पातळ साय, आणि खालचा लाल थर शंभरात किती ते थेट वाचायचं. हेच तुमचं हेमॅटोक्रिट (शब्द त्याच्या आधीचा, स्वीडनमधल्या हेडिनचा). आता हा थर पेशींच्या संख्येने भागला की एका पेशीची सरासरी साइझ मिळते, तीच एमसीव्ही. साधी भागाकाराची गोष्ट! पण तिच्यामुळे ॲनिमिया 'किती कमी' याऐवजी 'कसला' असा विचारता यायला लागला, १९३४ मध्ये त्याने तशी वर्गवारीच मांडली, मोठ्या पेशींचा, नेहमीच्या पेशींचा, छोट्या पेशींचा. मोठ्या पेशी दिसल्या की बी-१२ किंवा फोलेटकडे बघा, छोट्या दिसल्या की लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार).

तुमचं गाडं इथेच आहे. एमसीव्ही ८० ते १०० च्या जागी ६२, म्हणजे पेशी भरपूर पण चिमुकल्या. लोह कमी असतं तेव्हा शरीराला माल पुरत नाही, पेशी लहानही होतात आणि सहसा संख्येनेही मागे पडतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे त्याच्या सौम्य रूपात, लोह असतं पण हिमोग्लोबिनची एक साखळी कमी बनते, मग अस्थिमज्जा (हाडांतला पेशी बनवणारा मगज) छोट्या छोट्या पेशी धडाधड काढत राहते. म्हणून एक जुनी युक्ती आहे, १९७३ मध्ये मेंट्झरने सांगितलेली, एमसीव्हीला आरबीसीने भागा आणि १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्या. तुमचे येतात १०.७. हे निदान नव्हे, फक्त संशय, पण डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, थॅलेसेमिया मायनरसाठी बघतात) ची तपासणी जरूर विचारा, आणि तोवर तिसऱ्यांदा लोहाचा कोर्स आपल्या मनाने सुरू करू नका. मायनर निघालं आणि मूल व्हायचं असेल तर जोडीदाराचीही तपासणी करून घ्या, हे मात्र टाळू नका.

प्रश्न : आता सगळं मशीन करतं ना? मग माझी एमसीव्ही ८८, एकदम नॉर्मल, तरी डॉक्टरांनी स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली) बघायला सांगितलं. उगाच खर्च?

उत्तर : उगाच नाही. मशीनमागची कल्पना वॉलेस कोल्टरची, पेटंट १९५३ चं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची, मध्ये एक बारीक भोक, पेशी त्यातून गेली की वीज क्षणभर अडते, जेवढी पेशी मोठी तेवढा झटका मोठा. (पहिलं भोक म्हणे सिगरेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं.) म्हणजे संख्या आणि साइझ एकदमच, आणि पाचशे नाही, हजारो पेशींची. गंमत बघा, विंट्रोब हेमॅटोक्रिट मोजायचा आणि एमसीव्ही काढायचा, अशी मशीन एमसीव्ही मोजतात आणि हेमॅटोक्रिट गणिताने काढतात.

पण सरासरी ती सरासरीच. लोहही कमी आणि बी-१२ ही कमी असेल तर छोट्या आणि मोठ्या पेशी मिळून ८८ येऊ शकतात, कोणालाच काही कळत नाही. सेसिल प्राइस-जोन्स नावाचा एक चिकाटीचा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकेका पेशंटच्या पाचशे पेशींचा व्यास मोजून आलेख काढायचा तो याचसाठी, आलेख पसरट आला की समजायचं पेशी एकसारख्या नाहीत. तुमच्या रिपोर्टवर आरडीडब्ल्यू म्हणून जो आकडा असतो तो त्याच कष्टाचा मशीनने काढलेला भाऊ. तो वाढलेला आहे का ते बघा, बहुतेक त्यावरूनच डॉक्टरांना शंका आली असणार.