केस पेपरवर पाळीचा इतिहास लिही

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीवर तू विचारलंस, "मॅडम, इस्ट्रोजेनने दाह वाढतो की कमी होतो?" तेवढ्यात पावसाची सर आली आणि बोलणं राहून गेलं. बायकांच्या या हॉर्मोनबद्दलच्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

नौपाड्यात माझ्याकडे आमवाताची (सांधे सुजवणाऱ्या आजाराची) एक जुनी पेशंट यायची. तिला दिवस गेले आणि तिची बोटं इतकी मोकळी झाली की ती पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. बाळ दोन महिन्यांचं झालं, आणि एका सकाळी तिला लंगोटाची गाठ सुटेना. सांधे सुजलेले, हाताला गरम लागत होते. गरोदरपणात आमवात निवळतो हे फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ मध्येच लिहून ठेवलंय. इस्ट्रोजेन खूप चढलं की टीएनएफसारखे दाह पेटवणारे रेणू दबतात, बाळंतपणानंतर ते झपाट्याने उतरतं. (सगळं श्रेय त्याला देऊ नकोस, प्रोजेस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही हॉर्मोनंही तेव्हा वाढलेले असतात.)

ल्यूपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, मात्र हेच इस्ट्रोजेन अंगावर येतं. स्वतःच्याच शरीरावर उठलेल्या बी पेशींना (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) ते जगवतं, अँटिबॉडी वाढतात. ल्यूपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, त्याचं हे एक कारण. एक्स गुणसूत्रावरची जनुकं हे दुसरं. आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटलं की टीएनएफ, आयएल-६ हे दाहाचे रेणू वाढतात, हाडं झिजू लागतात.

माझी एक चूक सांगते. हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या एका बाईंचा सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) वाढलेला दिसला. ताप नाही, काही दुखत नाही, तरी मी इन्फेक्शन शोधत बसले, अँटिबायोटिकही दिलं. पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि सीआरपी यकृतातच बनतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्वचेवरच्या पॅचने तो तसा वाढत नाही. त्या बाईंनी विनाकारण अँटिबायोटिकच्या गोळ्या खाल्ल्या, ते मला अजून बोचतं.

म्हणून केस पेपरवर वयाखालीच लिहीत जा: पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, बाळंतपणं किती, हॉर्मोन कुठल्या रूपात आणि किती वर्षं. सासू किंवा नवरा शेजारी असला की बायका हॉर्मोनच्या गोळ्यांचं बोलत नाहीत. त्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांग, मग विचार.

तुझी,
मॅडम