43 अंशात वाढलेल्या लॅब्राडोरला मुंबई सोपी जाईल का?

प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात बैठ्या घरात वाढलेला चार वर्षांचा, 32 किलोचा लॅब्राडोर बदलीमुळे मालाडला सातव्या मजल्यावर न्यायचा आहे. सोलापूरचा मे महिना त्याने आरामात काढलाय, मग मुंबईचे 33 अंश त्याला काय करणार? आणि तयारी काय करायची?

सरळ सांगायचं तर ते 33 अंशच त्याला जड जाणार आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जीभ आणि श्वसनमार्ग यांतला ओलावा हवेत उडतो आणि त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते. सोलापुरात मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की ही यंत्रणा झकास चालते. मुंबईत हवा आधीच ओलीचिंब, त्यात आणखी ओलावा फारसा मावत नाही. कुत्रा धापा टाकत राहतो, त्या धापांच्या मेहनतीनेच अंग आणखी तापतं आणि थंडावा फारसा मिळत नाही. म्हणून मोबाईलवर नुसतं तापमान बघू नका, शेजारची आर्द्रता बघा. 30 अंश आणि 80 टक्के असेल तर लॅबला पळवायचं नाही, बॉलही फेकायचा नाही.

याच कारणाने तुमचा कूलर सोलापुरातच देऊन टाका. पाणी उडवून गारवा करणारं ते यंत्र कोरड्या हवेसाठी आहे, मुंबईच्या बंद खोलीत ते फक्त दमटपणा वाढवतं. त्यापेक्षा एसी 26-27 वर आणि सोबत पंखा. पावसाळ्यात एसीचा 'ड्राय' मोड कुत्र्याच्या खोलीत दिवसातून दोन-तीन तास चालवला तरी अंथरूण आणि अंग दोन्ही कोरडं राहतं. पंख्याचं एक लक्षात ठेवा: कोरड्या अंगाच्या कुत्र्याला नुसत्या पंख्याचा फायदा कमी, पोट आणि पंजे ओले करून पंख्याखाली बसवलं तर जास्त.

सोलापुरात आपण उन्हात कुत्र्याच्या पाठीवर ओलं फडकं टाकतो. मुंबईत ही सवय सोडा. दमट हवेत ते फडकं काही मिनिटांत अंगाच्या तापमानाला येतं आणि उष्णता आत कोंडतं. जीभ टोकाला चमच्यासारखी रुंद झाली, हिरड्या विटकरी लाल दिसल्या, लाळ चिकट तारेसारखी लोंबू लागली किंवा चाल लडखडली की तो उष्माघात समजा. एक डिजिटल थर्मामीटर फक्त कुत्र्यासाठी ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून ताप घ्यायचा. साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस हे नॉर्मल. 40 च्या वर आणि जोडीला ही लक्षणं असतील तर पोट, काखा, जांघा यांवर नळाचं पाणी सतत ओतायचं, पंखा लावायचा आणि 39.4 ला आल्यावर ओतणं थांबवायचं, नाहीतर तापमान नको इतकं खाली जातं. मग एसी चालू ठेवून गाडीने डॉक्टरकडे. उतरला ताप म्हणून घरी बसायचं नाही, मूत्रपिंडाचं नुकसान नंतर दिसतं.

नेण्याची वेळ तुमच्या हातात असेल तर संक्रांतीची गड्डा यात्रा संपली की निघा. जानेवारीच्या उत्तरार्धात मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी आणि गार असते, कुत्र्याला सवय व्हायला मार्चपर्यंत वेळ मिळतो. एप्रिल ते जून या काळात नेणं म्हणजे थेट भट्टीत ढकलणं. पहिले दोन-तीन आठवडे फिरणं निम्म्यावर आणा, सकाळी 20 मिनिटं, रात्री 20 मिनिटं, हळूहळू वाढवा. वजन आधीच कमी केलेलं बरं. बरगड्यांवरून हलक्या हाताने बोट फिरवल्यावर त्या लागायला हव्यात. मंगळवार बाजाराच्या पिशवीसारखा फुगलेला लॅब मुंबईत सगळ्यात आधी आडवा होतो.

आता प्रवास. वंदे भारतचा विचार सोडा, चेअर कारमध्ये कुत्रा चालत नाही. टू एसी, थ्री एसी, स्लीपर यांतही नाही. रेल्वेत मोठा कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर हवी. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा आणि कूपेसाठी लेखी अर्ज द्या. रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाचं (डीआरएम) ऑफिस सोलापुरातच आहे, त्यामुळे वाणिज्य विभागात स्वतः जाऊन अर्ज द्यायची सोय आपल्याला आहे, तिचा फायदा घ्या. तरी कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावरच पक्कं कळतं. निघायच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात कुत्र्याचं वजन करून पावती घ्यायची. जवळ लसीकरणाचं कार्ड, एक-दोन दिवसांतलं पशुवैद्यकाचं फिटनेस सर्टिफिकेट, तिकिटाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स. गार्डच्या डब्यातला डॉगबॉक्स स्वस्त पडतो, पण लॅबएवढ्या कुत्र्याला रात्रभर त्या लोखंडी खोक्यात घालायला मी तरी सुचवणार नाही.

कूपेचा भरवसा नसेल तर सरळ गाडीने. पहाटे चारला निघालात तर इंदापूर, भिगवण ऊन चढायच्या आत मागे पडतं. निघण्याआधी पाच-सहा तास खायला नाही, पाणी थोडं थोडं चालेल. दर दोन-अडीच तासांनी पट्ट्यासकट खाली उतरवा. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं की लॅब आत शिरायला बघणारच, शिरू देऊ नका, ओला कुत्रा घेऊन घाट उतरणं कुणालाच सुखाचं नसतं. गाडी लागत असेल तर उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. गुंगीचं औषध मात्र नको, गुंगीत त्याला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही.

निघायच्या आधी लसीचं कार्ड उघडून एकच गोष्ट शोधा: वार्षिक लसीच्या स्टिकरवर 'लेप्टो' आहे का. पाऊस पडून रस्ते तुंबले की उंदराचं मूत्र त्या पाण्यात मिसळतं आणि पंजावरच्या बारीक जखमेतून किंवा तोंडावाटे लेप्टोस्पायरोसिस आत जातो. तोच आजार माणसालाही होतो. ही लस पूर्वी दिली नसेल तर दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे. संरक्षण साधारण वर्षभराचं, म्हणून मुंबईत तिची वेळ मे महिन्यात बसवा, म्हणजे पाऊस पहिल्या दिवसापासून झाकला जातो. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. तेव्हा तुंबलेल्या पाण्यातून आणायचंच नाही, आणलं तर घरी येताच साबणाने पाय आणि पोट धुऊन कोरडं करायचं. खाणं बंद, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर लघवी पुसताना हातमोजे.

गोचीड सोलापुरातही आहे, पण मुंबईच्या उबदार दमट हवेत तिला बारा महिने रान मोकळं. पावडर आणि कडुलिंबाच्या पाण्यावर विसंबू नका. ब्रॅव्हेक्टोची गोळी साधारण 12 आठवडे चालते, नेक्सगार्डची महिनाभर, दोन्ही वजनाच्या गटाप्रमाणे. झटके येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या औषधांत ती अडचण असते. नाकातून रक्त, फिकट हिरड्या, ताप आणि खाण्याकडे पाठ म्हणजे टिक फीव्हरचा संशय, लगेच रक्त तपासून प्लेटलेट बघून घ्यायच्या.

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट मात्र आजार वाटतच नाही: न वाळणारं अंग. लॅबच्या अंगावर दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो, आतला थर दोन-तीन तास ओलाच. सोलापुरात तो उन्हात पंधरा मिनिटं लोळला की प्रश्न मिटतो. मुंबईत जुलैमध्ये ऊनच नसतं. मग कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढतं. पंजा सतत चाटतोय, बोटांमधले पांढरट केस तांबूस झालेत, कानाला आंबूस वास येतोय, ही त्याची खूण. शेपटीच्या मुळाशी किंवा गालावर एका रात्रीत ओलसर लाल चट्टा उठतो, तोही याच ओलीचा.

यावर उपाय म्हणजे आपला सोलापुरी टर्किश टॉवेल. चार मोठे घ्या, दोन वापरात, दोन वाळत. केसांच्या उलट्या दिशेने दाबून पुसायचं, घासायचं नाही, घासल्याने आतला थर गुंततो. पंजे पुसताना टॉवेलची दुमड आत घ्या, नाहीतर त्याच्या लूपमध्ये नख अडकून कुत्रा हिसडा मारतो. नंतर ड्रायर गार हवेवर, केस बोटांनी फाकत, आधी बोटांच्या बेचक्या, मग काखा, शेवटी पाठ. कातडीपर्यंत बोट घालून बघा, गार ओल लागली तर अजून पाच मिनिटं. अंथरायला मात्र सोलापुरी चादर नको. जाड विणीची ती चादर पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. जमिनीपासून वीतभर उंच नवारीची किंवा जाळीची खाट आणि वर जुनी सुती साडी, रोज बदलायला सोपी.

अंघोळ तीन आठवड्यांनी पुरे. यीस्ट झालंच तर क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू मिळतो, तो लावून 10 मिनिटं ठेवल्याशिवाय काम करत नाही, लोक दोन मिनिटांत धुतात आणि शाम्पूला नावं ठेवतात. खोबरेल तेल चोळण्याची आपली हौस इथे उलटते, कारण हे यीस्ट तेलकटपणावरच पोसतं. आणि उन्हाळा म्हणून अंगावर मशीन फिरवून टक्कल करू नका, तो थर उन्हापासूनही वाचवतो आणि लॅबचे केस नंतर धड उगवतीलच असं नाही.

समुद्र त्याला वेड लावेल. ओहोटीच्या वेळेला न्या, ओली घट्ट वाळू चालायला बरी. घरचं दोन लिटर पाणी सोबत हवंच, तहान लागली की तो समुद्राचं पाणी पितो आणि मग जुलाब, उलट्या, जास्त प्यायला तर रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीवर जातं. लाटांत बॉल फेकणं दहा मिनिटांवर थांबवा, प्रत्येक झेलीबरोबर घोटभर पाणी पोटात जातं. किनाऱ्यावरच्या मेलेल्या माशांपासून दूर ठेवायला पाच मीटरचा दोर पुरतो. त्यात गळ अडकलेले असतात आणि केंड (पफर फिश) तर जीवघेणा विषारी. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल नावाचे डंख मारणारे समुद्री जीव वाहून येतात, मेलेलेही डंख मारतात. डंख झालाच तर धागे न खरवडता चिमट्याने उचलून काढा आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात. एरवी घरी आल्यावर गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन वर सांगितल्याप्रमाणे वाळवणं. खाऱ्या हवेत पट्ट्याची स्वस्त लोखंडी कडी काही महिन्यांत गंजते आणि ऐन रस्त्यात तुटते, पितळी किंवा स्टीलची घ्या.

खाण्यात ज्वारीची भाकरी चालू राहू दे, शेंगाचटणी लावलेली नको, त्यात लसूण आणि मीठ दोन्ही. शेजारी प्रेमाने सुके बोंबील, सुकट देतील, तेही खारट म्हणून नको. कोरडं खाद्य 15 किलोचं पोतं न घेता 3 किलोचं घ्या आणि मूळ पिशवीसकट हवाबंद डब्यात ठेवा. दमट हवेत त्याला बुरशी धरते, तिचं विष यकृतावर जातं आणि वासावरून ते दरवेळी कळत नाही.

घर भाड्याचं असेल तर हे आधी: सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळी फी लावता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घरमालकाचं तसं नाही, तो करारातच नाही म्हणू शकतो. म्हणून लिव्ह अँड लायसन्समध्ये 'एक लॅब्राडोर कुत्रा ठेवण्यास परवानगी' हे वाक्य टोकन देण्याआधी घालून घ्या, एजंटच्या तोंडी होकाराला अर्थ नाही. गेल्यावर महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढा, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो.

मालाडमध्ये रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना आधी शोधून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय ही मोठी ठिकाणं, पण ट्रॅफिकमध्ये उष्माघाताचा कुत्रा तिथवर नेणं अवघड.

राहिली लिफ्ट. बैठ्या घरातल्या कुत्र्याला ती हलती खोली वाटते. सोलापुरातच एखाद्या ओळखीच्या अपार्टमेंटमध्ये आठवडाभर सराव करा: पहिले दोन दिवस दार उघडं ठेवून आत खाऊ, मग एक मजला, मग दोन. आत गेल्यावर त्याला कोपऱ्यात, तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये, दोर आखूड. दार उघडताना आधी तुम्ही बाहेर बघायचं, मग तो. टाइल्स गुळगुळीत असतील तर लिफ्टपासून दारापर्यंत आणि घरात पाण्याच्या भांड्याजवळ रबरी मॅट टाका. शहाबादी फरशीवर वाढलेल्या लॅबचे मागचे पाय त्या चकचकीत फरशीवर फाकतात आणि खुब्यांवर ताण येतो.